सोसायटीतले आणि गल्लीतले सीसीटीव्ही कॅमेरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीतल्या आमच्या ४२ सदनिकांच्या सोसायटीत मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो. एका पहाटे तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दूध आणायला खाली उतरल्या आणि गेटबाहेर दोघांनी मोटारसायकलवरून येऊन त्यांचं मंगळसूत्र हिसकावलं. आमच्याकडे आठ कॅमेरे होते, सगळे चालू होते. हवालदारांसोबत फुटेज पाहायला बसलो तेव्हा गेटच्या कॅमेऱ्यावर कोळ्याचं जाळं होतं, त्यामागे दोन आकृत्या सरकताना दिसल्या आणि नंबरप्लेटच्या जागी नुसता पांढरा ठिपका. हवालदारांनी विचारलं, "हे घड्याळ बरोबर आहे ना?" ते २३ मिनिटं मागे होतं. आजी शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या, गळ्यावर ओरखडा होता, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तेव्हापासून या विषयाचा पिच्छा सोडलेला नाही. आसपासच्या सोसायट्यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

कॅमेरे लावले की चोऱ्या थांबतात का?

काही थांबतात, काही नाही. जगभरातल्या ४० वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरे असलेल्या भागात गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यात दिसलं. सर्वांत जास्त फरक पार्किंगच्या जागांत पडला, निवासी भागांतही पडला. मारामारी आणि हिंसक गुन्ह्यांवर मात्र ठळक परिणाम दिसला नाही. जिथे पडद्यासमोर कोणी लक्ष ठेवून होतं आणि जोडीला इतर उपाय होते, तिथे परिणाम जास्त होता.

आमचा अनुभव याच्याशी जुळतो. पार्किंगमधून पेट्रोल काढणं, सायकली पळवणं हे कॅमेऱ्यांनंतर जवळजवळ बंद झालं. मंगळसूत्र हिसकावणारा मात्र हेल्मेट घालून येतो आणि दहा सेकंदांत निघून जातो. त्याला कॅमेऱ्याची पर्वा नसते. कॅमेरा नंतर साक्ष देईल, पण त्यासाठी त्याला नीट दिसायला हवं. पुढचे बहुतेक प्रश्न त्याबद्दलच आहेत.

रस्त्यावर पोलिसांचे कॅमेरे आहेतच, मग आपले कशाला?

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबईत कॅमेऱ्यांचं जाळं उभारण्याची शिफारस केली. ते उभं राहायला आठ वर्षं गेली. २०१६ मध्ये पहिल्या टप्प्यात सुमारे ४,७०० कॅमेरे सुरू झाले. ते चौकांवर, मोठ्या रस्त्यांवर आणि महत्त्वाच्या ठिकाणी आहेत. तुमच्या गल्लीतलं तिसरं वळण त्यांना दिसत नाही. तपास करणारे पोलिस म्हणूनच दुकानदारांकडे आणि सोसायट्यांकडे येतात. एका दुकानाचं फुटेज, मग पुढच्या बँकेचं, मग कोपऱ्यावरच्या सोसायटीचं, असा माग काढत जातात. मधली एक कडी बंद असेल तर माग तिथेच तुटतो.

किती मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यावा?

विक्रेता इथूनच सुरुवात करतो, पण आधी विचारायचं ते हे : या कॅमेऱ्यातून नेमकं काय ओळखायचं आहे?

अनोळखी माणसाचा चेहरा ओळखता यावा यासाठी चित्रात दर मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल (चित्र ज्यांचं बनतं ते ठिपके) लागतात, असा या क्षेत्रातला मान्य निकष आहे. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात, नुसतं कोणीतरी आहे एवढं कळायला २५. आता साधा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या. त्याच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल. भागिले २५०, म्हणजे पावणेआठ मीटर रुंदीचं दृश्य. त्याहून रुंद भाग दिसत असेल तर चेहरा ओळखण्याची खात्री संपली.

दुकानात सर्रास मिळणारी २.८ मिलिमीटरची लेन्स फार रुंद पाहते, जवळजवळ १०० अंश. त्यातून चेहरा ओळखू येतो तो फक्त तीनेक मीटरपर्यंत! आमच्या गेटचा कॅमेरा खांबावर पंधरा फुटांवर होता. त्यात आख्खं आवार छान दिसायचं आणि आम्ही खूश होतो. ६ मिलिमीटरची लेन्स घेतली की दृश्य अरुंद होतं, पण सातेक मीटरवरचा चेहरा ओळखता येतो.

म्हणून गेटवर दोन कॅमेरे लावा. एक रुंद, काय घडलं ते दाखवणारा. दुसरा अरुंद, माणसाच्या उंचीच्या थोडा वर, येणाऱ्याचा चेहरा समोरून टिपणारा. फार उंच लावलेल्या कॅमेऱ्याला टोप्या आणि टकलं दिसतात.

रात्री नंबरप्लेट का दिसत नाही?

नव्या नंबरप्लेटवरचा पत्रा प्रकाश परत फेकतो. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे त्यावर पडले की प्लेट पांढरीफटक होते, वरून हेडलाइटचा झोत असतो आणि गाडी धावती असेल तर अक्षरं फराटतात. प्लेटसाठी वेगळा कॅमेरा लागतो, बाजूने लावलेला आणि शटरचा वेग मुद्दाम वाढवलेला. तेवढा खर्च जमत नसेल तर गेटसमोर एक चांगला एलईडी दिवा लावा आणि गतिरोधक करा. गाडी मंदावली आणि उजेड असला की साध्या कॅमेऱ्यातही बरंच दिसतं. दिव्यामुळे पहाटे बाहेर पडणाऱ्यांना धीर येतो, तो फायदा वेगळाच.

जाळ्यांचं सांगायचं तर, इन्फ्रारेड दिव्यांकडे किडे येतात आणि किड्यांमागे कोळी. महिन्यातून एकदा काठीला फडकं बांधून पुसणं याला पर्याय नाही. पावसाळ्यात पंधरवड्याने.

किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी. हिशोब करून पाहा. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा चित्रं आवळून साठवण्याच्या जुन्या एच.२६४ पद्धतीने सेकंदाला ४ मेगाबिट साठवतो असं धरलं, तर दिवसाला सुमारे ४३ जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे जवळजवळ ३५० जीबी. २ टीबीची हार्ड डिस्क सहा दिवसांच्या आतच भरते आणि जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढू लागतं. एच.२६५ पद्धत चालू केली की जागा साधारण निम्मी लागते, म्हणजे अकरा-बारा दिवस मिळतात.

पंधरा दिवस गावी गेलेलं कुटुंब परत येऊन फुटलेलं कुलूप पाहतं, तेव्हा फुटेज गेलेलं असतं. ३० दिवसांचं रेकॉर्डिंग हवं असेल तर एच.२६५ आणि ६ टीबी असा अंदाज धरा. डिस्क सर्व्हेलन्ससाठी बनवलेली घ्या. कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहून लिहून लवकर मान टाकते, आणि ती गेली आहे हे पडद्यावर कळत नाही, कारण थेट चित्र दिसतच राहतं. म्हणून दर सोमवारी कोणीतरी मागच्या बुधवारचं रेकॉर्डिंग लावून बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

चोरी झाली. पहिल्या तासात काय करायचं?

आधी ११२ वर फोन. मग डीव्हीआरच्या, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत येतील असा फोटो काढा. घड्याळ चुकीचं असलं तरी फरक नोंदला गेला की फुटेज वाया जात नाही. घड्याळ लगेच दुरुस्त करू नका, नाहीतर नोंदींचा गोंधळ होतो.

त्यानंतर घटनेच्या आधीचा आणि नंतरचा एकेक तास, सर्व कॅमेऱ्यांचा, पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्या. दोन प्रती करा. मॉनिटरचं मोबाइलने शूटिंग करून तेच पोलिसांना देणारे मी कितीतरी पाहिले. त्यात तपशील जातो आणि पुरावा म्हणूनही ते लंगडं पडतं. चोर टेहळणीसाठी आदल्या दिवसांत येऊन गेलेला असू शकतो, म्हणून मागचे चार-पाच दिवसही तपासा. आमच्या बाबतीत तीच मोटारसायकल दोन दिवस आधी भर दुपारी आवाराबाहेर उभी होती आणि तिथे नंबर स्वच्छ दिसला. आजींचं मंगळसूत्र मिळालं नाही, पण पोलिसांना धागा मिळाला तो तिथून.

असं फुटेज कोर्टात चालतं का?

चालतं, पण सोबत प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते आहे. जुन्या कायद्यात हेच कलम ६५-ब होतं. नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. पहिला पुरावा देणारा भरतो, दुसरा तज्ज्ञ. फाइलची हॅश व्हॅल्यूही त्यात लिहायची असते. ती फाइलच्या बोटांच्या ठशासारखी असते, फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी बदलते.

प्रमाणपत्राबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्यातूनच गेला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिलं की त्यांचा अर्ज मुदत संपल्यावर घेतला गेला, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलंच नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की रेकॉर्डिंगची प्रत दिली तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ यंत्रच कोर्टात आणलं तर त्याची गरज नाही, आणि माणसाने सगळे प्रयत्न करूनही समोरच्याने दिलं नाही तर त्याला त्याचा फटका बसू नये.

सोसायटीसाठी याचा अर्थ सरळ आहे. डीव्हीआर कोणाच्या ताब्यात असतो, बॅकअप कोणी, कधी घेतला, याची वही ठेवा. प्रमाणपत्रावर सही करायची वेळ आली की तीच वही कामी येते.

पोलिस फुटेज मागायला आले तर द्यायलाच हवं का?

हो, सहकार्य करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ते लेखी मागणी करू शकतात. लेखी पत्र आणि दिल्याची पोच मागण्यात उद्धटपणा नाही. आख्खा डीव्हीआर उचलून नेला तर पंचनाम्याची प्रत घ्या.

शेजाऱ्याचा कॅमेरा थेट माझ्या दारावर रोखलेला आहे. काय करू?

आधी त्यांच्याकडे चहाला जा आणि पडदा दाखवायला सांगा. निम्म्या वेळा त्यांनाही माहीत नसतं की तुमचं दार उघडलं की हॉलपर्यंत दिसतं. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग काळा करण्याची सोय असते. आमच्या दुसऱ्या मजल्यावरचं भांडण तेवढ्यावर मिटलं.

नाही मिटलं तर कमिटीकडे लेखी तक्रार करा. सामायिक जागेत कॅमेरा लावायला सोसायटीची परवानगी हवी. खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं आहे. कोलकात्यातल्या एका घरात एकत्र राहणाऱ्या दोघांपैकी एकाने राहत्या भागात कॅमेरे लावले, तेव्हा दुसऱ्याच्या संमतीशिवाय ते चालणार नाहीत असं कलकत्ता उच्च न्यायालयाने म्हटलं आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. बेडरूम किंवा न्हाणीघराच्या खिडकीत डोकावणारा कॅमेरा असेल तर तो फौजदारी गुन्हा होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई त्यासाठी आहेत. तिथे चहा वगैरे नाही, सरळ पोलिस ठाणं.

कॅमेरा कुठे लावू नये?

वॉचमनच्या आंघोळीच्या जागेकडे, कामवाल्या मावशी कपडे बदलतात त्या खोलीकडे, कोणाच्याही खिडकीकडे नको. आमची एक चूक सांगतो. बागेतल्या बाकावर दुपारी चार-पाच बायका बसायच्या, भाजी निवडायच्या, सुख-दुःख बोलायच्या. "अँगल चांगला मिळतो" म्हणून तिथेच कॅमेरा बसवला, त्यात माइकही होता. आठवड्याभरात बाक रिकामा झाला. मला ते दोन महिने लक्षातच आलं नाही. शेवटी त्यांच्यापैकी एक काकू म्हणाल्या, "तिथे बसून बोलायचं कसं?" कॅमेरा काढून मागच्या भिंतीकडे वळवला आणि सगळ्या कॅमेऱ्यांचे माइक बंद केले. त्या बाकावरून गेट दिसतं. दुपारच्या वेळी अनोळखी माणूस आला की त्या बायकाच त्याला हटकायच्या, "कुणाकडे जायचंय?" ती राखण आम्ही स्वतःच्या हाताने घालवली होती.

फुटेज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावं का?

नाही. चोरीचंसुद्धा नाही.

एकदा सायकल गेली आणि कोणीतरी ग्रुपवर क्लिप टाकली, "हाच तो." क्लिपमधला मुलगा कुरिअरवाला होता. संध्याकाळपर्यंत क्लिप तीन सोसायट्यांच्या ग्रुपवर पोचली आणि दुसऱ्या दिवशी त्याला एका गेटवर अडवलं. सायकल पाचव्या मजल्यावरच्या भाच्याने नेली होती. आम्ही माफी मागितल्यावर त्या कुरिअरवाल्या मुलाने मान हलवली, पण पुन्हा तो आमच्या भागात दिसला नाही. बदनामीचा गुन्हा होतो वगैरे कायदा आहेच, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. मला मात्र तो मुलगा आठवतो.

"माझी मुलगी काल किती वाजता आली ते दाखवा", असं सभासदाने विचारलं तर?

हा प्रश्न मला चार वेळा आला. सुनेबद्दल एकदा, भाडेकरू मुलींबद्दल दोनदा. प्रत्येक वेळी नाही म्हटलं आणि दर वेळी कोणीतरी नाराज झालं. कॅमेऱ्यांचा खर्च त्या मुलींच्या मेंटेनन्समधूनही झालेला असतो. ते त्यांच्या सुरक्षेसाठी आहेत, त्यांच्यावर पाळत ठेवायला नाहीत. आम्ही सर्वसाधारण सभेत ठराव केला : चोरी, अपघात, नुकसान किंवा पोलिस तक्रार असेल तरच फुटेज पाहायचं, लेखी अर्जावर, कमिटीच्या दोन सदस्यांसमोर, आणि वहीत नोंद करून. ठराव झाल्यावर सेक्रेटरीला वाईट व्हावं लागत नाही, ठरावाकडे बोट दाखवता येतं.

२०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही याच दिशेने जातो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. घरगुती वापराची सूट व्यक्तीला आहे, सोसायटी त्यात बसेल असं समजून चालू नका.

मोबाइलवर सगळ्यांना कॅमेरे दिसण्याची सोय करावी का?

जितके जास्त हात, तितका पासवर्ड जास्त गावभर. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या तपासणीची दृश्यं इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुणही होते. कॅमेऱ्यांचे पासवर्ड कंपनीने दिलेलेच राहिले होते, अगदी 'अ‍ॅडमिन१२३' छापाचे. कोणतंही मोठं कसब लागलं नव्हतं.

कॅमेरे बसवून जाणाऱ्या तंत्रज्ञाला पैसे देण्याआधी त्याच्यासमोर पासवर्ड बदला. त्याचं खातं काढून टाका. कमिटी बदलली की पासवर्डही बदला. नवीन कॅमेरे घेताना सरकारी चाचणीचं प्रमाणपत्र मागा. एप्रिल २०२५ पासून सुरक्षाचाचणी झालेलेच कॅमेरे भारतात विकता येतात, त्यामुळे बिलाशिवाय मिळणाऱ्या स्वस्त मालाच्या मोहात पडू नका.

मुलांच्या शाळेतले कॅमेरे चालू आहेत का, हे पालक विचारू शकतात का?

विचारायलाच हवं. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर राज्य सरकारने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासन निर्णय काढून शाळांना महिन्याभरात कॅमेरे बसवायला सांगितलं. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा फुटेज तपासावं, असंही त्यात आहे. पालक सभेत "कॅमेरे आहेत का" असं विचारू नका, उत्तर हो असंच येतं. "या आठवड्यात फुटेज कोणी, कोणत्या दिवशी पाहिलं?" असं विचारा.

आणि पोलिस ठाण्यातले?

तिथेही सक्ती आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलिस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा अशा सर्व ठिकाणी आवाजासह कॅमेरे आणि शक्यतो १८ महिन्यांचं, किमान वर्षभराचं रेकॉर्डिंग ठेवण्याचा आदेश दिला. ठाण्यात कोणाला मारहाण झाली असेल तर फुटेज जपून ठेवण्याचा लेखी अर्ज लगेच द्या आणि पोच घ्या. माहिती अधिकारातही मागता येतं, पण उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, तसं अर्जावर स्पष्ट लिहा.

कॅमेरे आले, आता एक वॉचमन कमी करू का?

कृपा करून करू नका. पडणाऱ्या आजोबांना कॅमेरा उचलत नाही.

बोर्ड लावणं गरजेचं आहे का?

हो, आणि "आपण कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात" एवढ्यावर थांबू नका. आमच्या गेटवर मराठी आणि हिंदीत असा बोर्ड आहे : "या आवारात ९ कॅमेरे आहेत. आवाज रेकॉर्ड होत नाही. रेकॉर्डिंग ३० दिवस राहतं. चोरी, अपघात किंवा तक्रार असेल तरच पाहिलं जातं. तुमच्याबाबत काही घडलं असेल तर सोसायटीच्या ऑफिसात अर्ज द्या, तुम्ही इथले रहिवासी नसलात तरी चालेल." शेवटची ओळ कुरिअरवाल्या मुलाच्या प्रकरणानंतर घातली.